नागार्जुनाच्या नावावर

कारंजा (लाड), जि. वाशीम

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, नागार्जुन खरंच होऊन गेला का गं? आणि झालाच नसेल, तर त्याच्या नावावरचे ग्रंथ आम्ही का शिकायचे?" असला प्रश्न फोनवर उरकण्याजोगा नसतो. तुझं रसशास्त्र यंदा सुरू झालंय आणि माझं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, तेव्हा तुझ्या तोंडून हा विषय निघाला याचाच मला फार आनंद झाला. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

नागार्जुन झाला, आणि एकच नाही, बरेच झाले. ज्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही तो ‘मूलमध्यमककारिके’चा कर्ता, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा बौद्ध तत्त्वज्ञ. त्याने एका सातवाहन राजाला लिहिलं असं परंपरा सांगते ते एक पत्रही आहे, ‘सुहृल्लेख’. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी आणि चिनी भाषांतरं उरली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहून गेलाय की इथली मुलं हे पत्र तोंडपाठ करत. राजाने वागावं कसं, मन आवरावं कसं, हा त्याचा विषय. किमयेचा त्यात काही संबंध नाही. पण त्याच शतकात आलेला ह्युएन त्संग दुसरीच गोष्ट ऐकून परतला. सातवाहन राजा डोंगरात विहार कोरवून घेत होता, काम अर्ध्यावर असताना खजिना आटला, तेव्हा नागार्जुनाने मोठमोठ्या शिळांवर औषधाचे थेंब टाकले आणि शिळांचं सोनं झालं. म्हणजे पाचेकशे वर्षांत तत्त्वज्ञाचा किमयागार झालेला होता.

पुढे 1030 च्या सुमारास अल्बेरुनी लिहितो की नागार्जुन हा सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्याचा, आणि त्याला होऊन शंभरेक वर्षं झाली. हा दहाव्या शतकातला माणूस आणि सातवाहनांच्या दरबारातला तो माणूस एक असणं शक्यच नाही. शिवाय चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत एक नागार्जुन आहे. सुश्रुतसंहितेवर हात फिरवणारा म्हणून टीकाकार डल्हण ज्याचं नाव घेतो तोही नागार्जुनच. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात घालते, म्हणून आपल्याकडे रामटेकजवळच्या टेकडीला त्याचं नाव आहे आणि तिथे लोक आजही श्रद्धेने जातात. जवळच्या मनसरला ज्या संस्थेने उत्खनन केलं तिच्या नावातही नागार्जुन आहे. जमिनीतून जे वर आलं त्यातला मोठा भाग मात्र बहुतेक अभ्यासक वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुराशी जोडतात. स्थळाला नाव चिकटतं ते श्रद्धेमुळे, आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण इतिहास लिहिताना मातीतून काय निघालं तेच धरावं लागतं.

आता ग्रंथ. ‘रसेंद्रमंगल’, ‘रसरत्नाकर’, ‘कक्षपुट’, ‘योगशतक’, अशी रांगच त्याच्या नावावर लागली आहे. यातल्या रसरत्नाकराची हकीकत तुला मुद्दाम सांगते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन भागांत लिहिला, पहिला 1902 मध्ये, दुसरा 1909 मध्ये. आपल्या देशातल्या रसायनविद्येची लाज वाटायचं कारण नाही, हे जगाला पुराव्यानिशी दाखवणारा तो पहिला मोठा ग्रंथ. नुसता पांडित्याचा नाही, हातात परीक्षानळी धरणाऱ्या माणसाचा. त्यांना जम्मूच्या रघुनाथ मंदिराच्या संग्रहातली एक पोथी मिळाली. तीत नागार्जुन वडाखालच्या यक्षिणीची बारा वर्षं आराधना करतो आणि तिच्याकडे धनसंपत्ती न मागता पाऱ्याची सिद्धी मागतो. शालिवाहन, मांडव्य यांच्याशी त्याचे संवाद आहेत, आणि मधोमध खनिजांतून धातू काढायच्या अगदी रोखठोक कृती आहेत. रायांनी ती सातव्या-आठव्या शतकातली मानली आणि तिच्यावर मोठा डोलारा उभा केला. पुढची पाऊणशे वर्षं ‘नागार्जुनाचा रसरत्नाकर’ असं जो तो लिहीत राहिला. 1984 साली डॉमिनिक वुयास्तिक या संस्कृतज्ञाने दाखवून दिलं की असा ग्रंथ मुळात नाहीच. नागार्जुनाच्या नावावरचं रसेंद्रमंगल आणि नित्यनाथ नावाच्या सिद्धाचा रसरत्नाकर यांच्या सरमिसळीतून तो निर्माण झाला होता. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्याला भूत म्हटलं.

म्हणजे बघ, कर्ता दंतकथेतला, आणि त्याच्या नावावरचा एक ग्रंथसुद्धा भासातला. यापुढे विद्यार्थ्याने काय करायचं? बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर "आमच्या नागार्जुनाने दोन हजार वर्षांपूर्वीच सगळं शोधलं होतं" म्हणून छाती फुगवायची, नाहीतर "सगळी थापाथापी" म्हणून पुस्तक मिटायचं. मला दोन्ही वाटा आळशीपणाच्या वाटतात. दोन्हींत पुस्तक उघडून वाचायची गरजच उरत नाही.

हे आपल्याकडेच घडलं असंही समजू नकोस. युरोपात बॅसिल व्हॅलेंटाइन नावाचा एक थोर किमयागार होऊन गेला म्हणतात. बेनेडिक्टाइन पंथाचा साधू, जन्म 1394 चा, जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात राहिलेला. त्याची हस्तलिखितं चर्चच्या खांबात दडवलेली होती आणि वीज पडून खांब दुभंगला तेव्हा ती बाहेर आली, अशी आख्यायिका. प्रत्यक्षात ही पुस्तकं छापून आणली ती योहान ट्योल्डे नावाच्या गृहस्थाने. मिठागरांच्या व्यवसायातला माणूस. पहिलं पुस्तक 1599 मध्ये निघालं. त्यातल्या परिसाच्या बारा किल्ल्या जगभर गाजल्या. 1604 मध्ये अँटिमनीच्या विजयरथावरचं पुस्तक आलं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा म्हणवणारा हा साधू पुस्तकात गरमी या रोगाविषयी बोलतो. तो रोग युरोपात पसरला 1495 नंतर. मीठ, गंधक, पारा ही तीन तत्त्वं तो सांगतो. ती पॅरासेल्सस या वैद्याची, आणि पॅरासेल्सस वारला 1541 मध्ये. मठांच्या नोंदींत असा साधू कुणाला सापडला नाही. बहुतेक अभ्यासक आज ट्योल्डेकडेच बोट दाखवतात, सगळी पुस्तकं नसली तरी बरीचशी त्याचीच.

तरीही पुढची गोष्ट ऐक. लॉरेन्स प्रिन्सिपे हे रसायनशास्त्रज्ञही आहेत आणि इतिहासकारही. या ‘साधू’ने सांगितलेली अँटिमनीची काच त्यांनी करायला घेतली. कृती सोपी दिसते: खनिज भाजायचं, राख वितळवायची, ओतायची, की सोनेरी पिवळी पारदर्शक काच मिळते. त्यांना मिळत गेले ते मळकट करडे गोळे. शुद्ध रसायन वापरलं तरी तेच. मग त्यांनी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम हंगेरीकडचं खनिज मागवलं, आणि पहिल्या झटक्यात काच झाली. तपासल्यावर कळलं की त्या खनिजात थोडी सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, मुळातच असतो; तो नसेल तर काच बनत नाही. त्यांनी फसलेल्या गोळ्यांत चिमूटभर सिलिका घातली, तर तेही पिवळे झाले. लिहिणाऱ्याचं नाव खोटं, वय खोटं, झगा खोटा. पण भट्टीपुढे तो बसला होता हे खरं. हंगेरीचं खनिज घ्या हे वाक्य कल्पनेतून येत नाही.

याच तोडीचं उदाहरण तुझ्या अभ्यासक्रमातच आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने 1890 मध्ये छापला. कर्ता स्वतःला सिंहगुप्ताचा मुलगा वाग्भट म्हणवतो, म्हणजे थेट अष्टांगहृदयकाराचं नाव आणि त्याचाच बाप. पण ग्रंथ त्या वाग्भटानंतर कित्येक शतकांनी, तेराव्या शतकाच्या आगेमागे रचलेला. सुरुवातीला सत्तावीस रससिद्धांची यादी आहे, तीत नागार्जुन आहे आणि लंकेशही आहे. लंकेश म्हणजे रावण. इथपर्यंत वाचून कुणाचाही विश्वास डळमळेल.

आता त्यातली जस्त काढायची कृती उघड. खर्पर, म्हणजे जस्ताचं खनिज, घ्यायचं. त्यात हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, चुलीवरची काजळी, टांकणखार आणि बिब्बे घालून आंबट रसात खलायचं. हा लेप वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरायचा. तिला बारा अंगुळं लांबीची नळी जोडायची, टोकाशी धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट. मूस पालथी करून तोंड खालच्या भांड्याकडे ठेवायचं आणि वर निखारे धमवायचे. ज्वाळेचा निळा रंग जाऊन ती पांढरी झाली की काम झालं समजायचं. अगं, आपल्याकडे शिरपूर-रिसोडकडच्या शेतात पिकणारी हळद आणि रानातले बिब्बे यात कशाला, असं तुला वाटेल. वर्गात मी मुलींना हेच विचारायची. ही सगळी वनस्पतीद्रव्यं भट्टीत जळून कोळसा होतात, आणि तो कोळसा खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. तुमच्या पाठ्यपुस्तकातलं क्षपण ते हेच. जस्त मोठं अवघड. 907 अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि हवा लागली की ती लगेच जळून पांढरी भुकटी होते. म्हणून वाफ वर जाऊ न देता खाली, गारव्यात उतरवायची. हे ज्याला कळलं त्याने कितीतरी वेळा भट्टी विझवली आणि पुन्हा पेटवली असणार.

आणि हे नुसतं पोथीत राहिलेलं नाही. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे 1980 च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केलं. जमिनीखाली सबंध भट्ट्या निघाल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, तोंडं खाली करून ओळीने मांडलेल्या, आणि आकार हुबेहूब वांग्याचा. वापरून टाकलेल्या मुशी इतक्या होत्या की गावकऱ्यांनी त्या विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभारल्या होत्या. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने खालच्या दिशेने जस्त उतरवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. जावरचे कारागीर त्याच्या कितीतरी आधी हे रोजच्या रोज करत होते. रावणाचं नाव असलेल्या ग्रंथातली कृती मातीने अक्षरशः खरी ठरवली.

मला खरं दुःख होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जावरच्या त्या भट्टीवाल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. डोळे चुरचुरत असताना ज्वाळेचा रंग बघणारी माणसं, पाऱ्याची वाफ छातीत गेलेली माणसं, मुशीची माती मळणाऱ्या त्यांच्या बायका, यांची सगळी पुण्याई नागार्जुनाच्या आणि वाग्भटाच्या खात्यावर जमा झाली. आपल्या परंपरेत थोर नावाखाली लिहिणं हा नम्रपणा समजला जाई. गुरूचं नाव पुढे करायचं, आपलं झाकायचं. ट्योल्डेच्या बाबतीत छापखान्याचा बाजारही असेल. जुन्या साधूचं पुस्तक नव्या मिठागरवाल्याच्या पुस्तकापेक्षा जास्त खपतं. कारण कुठलंही असो, हरवला तो काम करणारा माणूस.

नाव लिहून ठेवणारेही होते, आणि ते आपल्याच जिल्ह्याने जपले. इथे कारंज्यात जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत, त्यांच्या भांडारांत पोथ्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये छापली, तेव्हा या भांडारांकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतून यातले अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध केले. पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ त्यांनीच संपादित केलं. हा पुष्पदंत राष्ट्रकूटांच्या मान्यखेटातला. त्याचं महापुराण 965 मध्ये पुरं झालं. तो आपल्या आईबापाचं नाव सांगतो, आश्रय देणाऱ्या भरत मंत्र्याचं नाव सांगतो, आपण काटकुळे, सावळे आणि दिसायला कुरूप आहोत हेसुद्धा सांगतो. हजार वर्षांनी त्याच्याशी बोलावंसं वाटतं ते त्यामुळेच. आणि वाशीमचाच ताम्रपट घे, 1939 मध्ये सापडलेला. त्यात राजा विंध्यशक्ती, त्याच्या राज्याचं सदतिसावं वर्ष, वत्सगुल्म हे ठिकाण, सगळं कोरलेलं आहे. तो पत्रा हाती लागेपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म शाखा म्हणून काही होती हेच इतिहासकारांना उमगलेलं नव्हतं. एक तारीख आणि एक ठिकाण केवढं काम करतं! नागार्जुनाच्या ग्रंथांना नेमकी हीच दोन्ही नाहीत.

म्हणून तू जेव्हा एखादी कृती वाचशील तेव्हा ती कुणाची यापेक्षा ती कुठल्या पोथीत आहे, त्या पोथीचा काळ कुठला, आणि त्याआधीच्या कुठल्या ग्रंथातून ती उचलली आहे, हे आधी बघ. आणि मग ती पडताळता येते का ते बघ. या बाबतीत रसशास्त्राचे ग्रंथ मला आवडतात, कारण ते पडताळणी शिकवतात. उद्या प्रात्यक्षिकात कज्जली करशील. खलात पारा आणि गंधक, दोघंच. सुरुवातीला पाऱ्याचे बारीक गोळे बत्त्यापुढे पळत राहतात, हाताला येत नाहीत. घोटत राहिलं की ते फुटतात, मग पिवळ्या गंधकावर करडी छटा येते, मग काळं होत जातं, शेवटी काजळासारखी मऊ भुकटी. झालं म्हणून थांबायचं नाही. थोडी भुकटी पाण्याच्या थेंबात चोळून उन्हात धरायची. पाऱ्याचा एक कण जरी चमकला तर पुन्हा खलायला बसायचं. ग्रंथकार याला निश्चंद्र म्हणतात. भस्मांचेही असेच निकष आहेत: बोटांच्या रेषांत बसलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, आणि गूळ, गुंजा, मध, तूप, टांकणखार घालून तापवलं तरी त्यातून धातू परत उठता कामा नये. यातला एकही निकष कर्त्याचं नाव विचारत नाही. नागार्जुनाच्या हातचं भस्म तरंगलं नाही, तर तेही टाकायचंच.

पण मुक्ता, इथे मी तुला हात जोडून सांगते. हे निकष धातू किती बदलला, किती बारीक झाला एवढंच सांगतात. रोग्याच्या मूत्रपिंडाचं काय होईल हे ते सांगत नाहीत. ते सांगायची साधनं त्या काळी कुणाकडेच नव्हती. पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, रसकापूर ही द्रव्यं आपल्या औषध कायद्याच्या ई-1 परिशिष्टात विषारी म्हणून घातलेली आहेत, ती उगीच नाही. 2008 साली अमेरिकेत एक तपासणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. "हे नागार्जुनाचं आहे, ऋषिमुनींचं आहे, याने अपाय होतच नाही" असं म्हणून कुणी पुडी हातात ठेवली, तर तिथे नाव म्हणजे पुराव्याच्या जागी बसवलेला देव झाला. माझा सगळा विरोध त्याला आहे. उद्या तुझ्यासमोर मालेगाव-मानोऱ्याकडची, दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई बसलेली असेल. तिला औषध देताना प्रयोगशाळेचा अहवाल माग, मात्रा माग, ते कुठे तयार झालं ते विचार. ती विचारू शकणार नाही, म्हणून तू विचारायचं.

आणि याच कारणासाठी तुला ते ग्रंथ मुळातून शिकायलाच हवेत. जो विद्यार्थी रसरत्नसमुच्चय वाचत नाही, त्याला त्यातली चूकही सापडत नाही आणि जावरची भट्टीही समजत नाही. रायांनी मानलेला काळ आणि कर्ता आज टिकत नाही, पण त्यांनी पोथ्या उघडल्या, कृती कळण्याजोग्या भाषेत मांडल्या, म्हणून तर पुढच्यांना त्या तपासता आल्या. त्यांच्याबद्दल माझा आदर वुयास्तिकांचा लेख वाचल्यावर कणभरही कमी झाला नाही.

रसशाळेचं वर्णन तुम्हाला लावलं असेल तर तेही नीट वाच. आग्नेयेला भट्टी, दक्षिणेला दगडी कामं, पश्चिमेला धुणं, वायव्येला वाळवणं, पूर्वेला रसभैरव. यातलं किती श्रद्धेचं आणि किती कामाच्या सोयीचं, यावर तू काय म्हणतेस ते मला हवंय. माझं मत मी आत्ता सांगत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा आनंदाश्रमाची प्रत बरोबर आण, माझ्याकडची पानं सुटली आहेत. भांडारातल्या पोथ्या बघायला मिळतात का, ते मी मंदिरात विचारून ठेवते. खर्पराच्या कृतीतले बिब्बे तुमच्या वर्गात कसे समजावून सांगतात तेही लिही. माझं कोळशाचं उत्तर अर्धंच असेल, तर उरलेलं मला तुझ्याकडून शिकायचंय. आणि पारा खलताना खिडक्या उघड्या ठेव. हाताला मोजे, तोंडाला मुखपट्टी, आणि बोटातली अंगठी आधी काढून ठेव. सोन्याला पारा लगेच धरतो.

तुझी,
आत्या